कोलेस्टेरॉलची औषधे : एक अधिक एक किती?



शाळेच्या पत्रिकेत औषधांचा पाठ कशासाठी, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. त्याचे कारण साधे आहे. आपल्या कोगनोळी परिसरातील पुष्कळ घरांत आजी-आजोबांच्या गोळ्या मेडिकलमधून आणण्याचे काम आठवी-दहावीची मुलेच करतात. पाकिटावरचे इंग्रजी नाव तीच वाचून दाखवतात आणि सकाळची कोणती, रात्रीची कोणती हे तीच सांगतात. ज्याच्या हातून औषध घरात येते, त्याला त्या औषधाची थोडी तरी ओळख असली पाहिजे, असे आम्हांस वाटते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीनुसार देशातील प्रौढांपैकी ११.४ टक्के लोकांना मधुमेह आणि ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आहे. अशा माणसांना कोलेस्टेरॉलची गोळीही बहुधा दिली जाते. म्हणजे एका माणसाच्या पोटात रोज चार, पाच, कधी आठ औषधे जातात. ती पोटात गेल्यावर एकमेकांशी कशी वागतात, हा आजच्या पाठाचा विषय आहे. कोलेस्टेरॉल उतरवणारी दोन औषधे एकत्र घेतल्यावर काय होते, यावर आम्ही मुख्य भर दिला आहे.

१. कोलेस्टेरॉल म्हणजे काय?

आमचे महाविद्यालयीन शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. तिथे चरबीला ‘वसा’ म्हणत. मराठीत वसा म्हणजे व्रत, त्यामुळे इकडे शिकवताना आम्ही ‘मेद’ किंवा ‘स्निग्ध पदार्थ’ हे शब्द वापरतो. कोलेस्टेरॉल हा याच कुळातला मेणासारखा पदार्थ आहे. तो वाईटच असतो, हा समज चुकीचा आहे. पेशींचे आवरण, पित्तरस, ड जीवनसत्त्व आणि काही संप्रेरके बनवण्यासाठी शरीराला तो लागतोच.

मेण पाण्यात विरघळत नाही, तसे कोलेस्टेरॉल रक्तात विरघळत नाही. म्हणून शरीर ते प्रथिनांच्या वाहनांत भरून पाठवते. त्यातील एलडीएल हे वाहन कोलेस्टेरॉल शरीरभर पोहोचवते. ते गरजेपेक्षा जास्त झाले, की रक्तवाहिनीच्या भिंतीत थर साचू लागतो. वर्षानुवर्षे साचलेला थर एखाद्या दिवशी फुटतो, तिथे गुठळी होते आणि हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात होतो. यकृताच्या पेशींवर एलडीएल पकडून आत घेणारी ग्राहके असतात. त्यांचा शोध लावणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टीन या अमेरिकन शास्त्रज्ञांना १९८५ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

शरीरात कोलेस्टेरॉल दोन वाटांनी येते. एक भाग यकृत व इतर पेशी स्वतः तयार करतात. दुसरा भाग आतड्यातून शोषला जातो, त्यात आहारातले कोलेस्टेरॉल आणि पित्तातून आलेले कोलेस्टेरॉल दोन्ही असतात. आपल्याकडे काही घरांत विहिरीचेही पाणी असते आणि नळाचेही. विहिरीवरची मोटार बंद केली, की घरातली माणसे नळाखाली घागरी जास्त लावतात. शरीरही असेच करते. ही तुलना लक्षात ठेवा, पुढे ती उपयोगी पडेल.

२. औषधांची ओळख

स्टॅटिन : हा सर्वांत महत्त्वाचा गट. जपानी शास्त्रज्ञ अकिरा एंडो यांनी १९७० च्या दशकात हजारो बुरशा तपासून पहिले स्टॅटिन शोधले. १९८७ साली लोव्हास्टॅटिन अमेरिकेत बाजारात आले. आज आपल्याकडे ॲटोर्व्हास्टॅटिन आणि रोसुव्हास्टॅटिन ही नावे जास्त दिसतात. यकृतात कोलेस्टेरॉल बनवणारे एक विकर असते, त्याचे काम स्टॅटिन रोखते. यकृताला कोलेस्टेरॉल कमी पडले, की ते आपली ग्राहके वाढवून रक्तातले एलडीएल ओढून घेते.

एझेटिमाइब : हे आतड्यातून होणारे कोलेस्टेरॉलचे शोषण कमी करते. २००२ पासून वापरात आहे.

फायब्रेट : यात जेमफायब्रोझिल आणि फेनोफायब्रेट ही दोन नावे येतात. हा गट मुख्यतः ट्रायग्लिसराइड नावाची दुसरी चरबी उतरवतो.

निकोटिनिक आम्ल : हे ब गटातले एक जीवनसत्त्व. फार मोठ्या मात्रेत ते औषध म्हणून देत असत.

पित्ताम्ल बांधणारी भुकटी : कोलेस्टिरामीन हे तिचे उदाहरण. ती आतड्यातले पित्ताम्ल धरून ठेवते आणि शौचावाटे बाहेर नेते.

नवी औषधे : बेम्पेडोइक आम्ल ही गोळी अमेरिकेत २०२० साली मान्य झाली. एलडीएलची ग्राहके टिकवून धरणारी काही इंजेक्शनेही आता मिळतात, ती महाग असतात.

३. फायद्याची जोडी

स्टॅटिनची मात्रा दुप्पट केली, की एलडीएल दुप्पट उतरेल असे वाटते. तसे होत नाही. मात्रा दुप्पट केल्यावर जास्तीची घट साधारण सहा टक्केच मिळते, आणि दुष्परिणामांची शक्यता मात्र वाढते. म्हणून एका औषधाची मात्रा वाढवत नेण्याऐवजी दुसऱ्या वाटेवर काम करणारे औषध जोडावे, असा विचार पुढे आला.

इथे विहीर आणि नळाची तुलना आठवा. स्टॅटिनने विहीर बंद केली, की शरीर नळाचे पाणी जास्त घेऊ लागते, म्हणजे आतड्यातून शोषण वाढते. एझेटिमाइब तो नळ बारीक करते. दोघांची कामे वेगळी आहेत आणि एकाने उघडी टाकलेली वाट दुसरे अडवते. जास्तीची घट साधारण वीस टक्क्यांच्या आसपास मिळते.

नुसता आकडा उतरून भागत नाही, माणसाचा झटका टळला पाहिजे. त्यासाठी हृदयविकाराचा त्रास नुकताच होऊन गेलेल्या १८,१४४ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाला. फक्त सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांचे एलडीएल सरासरी ७० च्या आसपास राहिले, एझेटिमाइब जोडलेल्यांचे ५४ च्या आसपास. सात वर्षांत पहिल्या गटातील ३४.७ टक्के लोकांना हृदयविकार, पक्षाघात किंवा तत्सम घटनेला तोंड द्यावे लागले, दुसऱ्या गटात हे प्रमाण ३२.७ टक्के होते. शंभर रुग्णांमागे दोन माणसे वाचली. फरक लहान दिसतो, पण लाखो लोकांचा हिशोब केला तर तो लहान नाही. स्नायू आणि यकृताचे त्रासही दोन्ही गटांत सारखेच राहिले. ही खरी उपयोगी जोडी.

४. आकडा सुधारला, माणूस तिथेच

आता दुसरी बाजू पाहू. निकोटिनिक आम्लाने रक्ताचा रिपोर्ट सुंदर दिसतो. चांगले समजले जाणारे एचडीएल वाढते, ट्रायग्लिसराइड उतरते. म्हणून स्टॅटिनला ते जोडण्याची पद्धत होती. २५,६७३ रुग्णांवरील चाचणीचा निष्कर्ष २०१४ साली आला. त्यात झटके कमी झाले नाहीत. उलट स्नायूंचे त्रास, रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि साखर वाढणे हे प्रकार जास्त आढळले.

फेनोफायब्रेटचीही अशीच परीक्षा झाली. मधुमेह असलेल्या ५,५१८ रुग्णांना सिम्व्हास्टॅटिनबरोबर ते देऊन पाहिले. २०१० साली निकाल आला, की संपूर्ण गटाचा विचार केला तर झटके कमी झाले नाहीत. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली निकोटिनिक आम्ल आणि फेनोफायब्रिक आम्ल स्टॅटिनच्या जोडीने देण्याची मान्यता काढून घेतली.

याचा अर्थ फेनोफायब्रेट निरुपयोगी आहे असा करू नये. ट्रायग्लिसराइड ५०० च्या वर गेले, की स्वादुपिंडाला सूज येण्याचा धोका असतो, तिथे डॉक्टर ते विचारपूर्वक देतात. रिपोर्टमधला आकडा सुधारणे आणि माणसाचे आयुष्य सुधारणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच इथे शिकायचे.

५. धोक्याची जोडी : २००१ ची घटना

सेरिव्हास्टॅटिन नावाचे एक स्टॅटिन १९९७ साली बाजारात आले. ते अत्यंत कमी मात्रेत काम करी, म्हणून त्याचे कौतुक झाले. काही रुग्णांना एलडीएलसाठी हे आणि ट्रायग्लिसराइडसाठी जेमफायब्रोझिल अशी दोन्ही औषधे दिली गेली. दोन्ही कोलेस्टेरॉलच्या कुळातली, दोन्ही मान्यताप्राप्त, मग हरकत कसली, असेच कोणालाही वाटले असते.

पण जेमफायब्रोझिलने सेरिव्हास्टॅटिनची शरीराबाहेर जाण्याची वाट अडवली. पुढे झालेल्या अभ्यासात दिसले, की जेमफायब्रोझिल घेतल्यावर सेरिव्हास्टॅटिनशी शरीराचा येणारा संबंध पाच पटींहून अधिक वाढतो. म्हणजे रुग्ण एक गोळी घेत होता आणि शरीराला पाच गोळ्या सोसाव्या लागत होत्या. अशाने स्नायूंच्या पेशी फुटतात. त्यांतले प्रथिन रक्तात उतरते, लघवी चहासारखी किंवा त्याहून काळपट होते, आणि मूत्रपिंडे बंद पडू शकतात.

ही दोन औषधे एकत्र देऊ नयेत, अशी सूचना अमेरिकेतील माहितीपत्रकात १९९९ साली घातली होती. तरीही अशी जोडी लिहिली जात राहिली. ऑगस्ट २००१ मध्ये कंपनीने औषध बाजारातून मागे घेतले. तोवर जगभरात ५२ मृत्यूंची नोंद झाली होती. त्यांतले ३१ अमेरिकेतील होते, आणि त्या ३१ पैकी १२ रुग्ण जेमफायब्रोझिलही घेत होते. बाकीच्यांत मात्रा जास्त असणे हे एक मोठे कारण होते.

या घटनेत सूचना छापलेली होती. ती ज्याच्या पोटात गोळी जाणार त्याच्यापर्यंत आणि गोळी लिहिणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोहोचली नाही. औषधाइतकीच माहितीही रुग्णापर्यंत जावी लागते, ही गोष्ट आम्हांस या घटनेतून सर्वांत मोठी वाटते.

६. टोलनाक्याचे उदाहरण

महामार्गावरचा आपला कोगनोळीचा टोलनाका सर्वांच्या पाहण्यातला आहे. सगळ्या रांगा चालू असल्या, की गाड्या झरझर पुढे जातात. एखाद्या रांगेत मोठा ट्रक अडला, की तिच्यामागे गर्दी होते. त्या रांगेतून जाणाऱ्या गाड्यांचा काही दोष नसतो.

यकृतातील विकरे ही औषधांच्या नाक्यावरच्या रांगा आहेत. औषधाचे रूप बदलून त्याला बाहेर काढणे हे त्यांचे काम. सीवायपी ३ए४ नावाची एक रांग फार वर्दळीची आहे. सिम्व्हास्टॅटिन, लोव्हास्टॅटिन आणि बऱ्याच अंशी ॲटोर्व्हास्टॅटिन तिच्यातून जातात. रोसुव्हास्टॅटिन, पिटाव्हास्टॅटिन आणि प्राव्हास्टॅटिन यांचा त्या रांगेशी फारसा संबंध नाही.

आता ही रांग कोण अडवते ते पाहा :

घशाच्या किंवा छातीच्या जंतुसंसर्गासाठी मिळणारे क्लॅरिथ्रोमायसिन आणि एरिथ्रोमायसिन. गजकर्णासारख्या बुरशीच्या रोगांवरील इट्राकोनॅझोल आणि किटोकोनॅझोल गोळ्या. रक्तदाबाची व्हेरापामिल आणि डिल्टियाझेम. रक्तदाबासाठी घरोघरी दिसणारे ॲम्लोडिपिनही सिम्व्हास्टॅटिनची पातळी वाढवते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ साली ॲम्लोडिपिनबरोबर सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त देऊ नये, असे ठरवून दिले. व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम असेल तर ही मर्यादा १० मिलिग्रॅम आहे. ग्रेपफ्रूट नावाचे विलायती फळ हीच रांग अडवते. आपल्याकडचे पपनस त्याच कुळातले आहे, म्हणून ते वरचेवर खाणाऱ्याने डॉक्टरांना सांगितलेले बरे.

उलटाही प्रकार घडतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन जास्तीच्या रांगा उघडते. मग स्टॅटिन काम करण्याआधीच निघून जाते आणि गोळी घेऊनही कोलेस्टेरॉल उतरत नाही. अशा वेळी मात्रा बदलायची की नाही, हे डॉक्टरच ठरवतील. क्षयाचे औषध मात्र कधीही मध्येच सोडू नये.

काही औषधांचे भांडण आतड्यातच होते. कोलेस्टिरामीनची भुकटी पित्ताबरोबर दुसरी औषधेही पकडते. म्हणून इतर गोळ्या तिच्या एक तास आधी किंवा चार ते सहा तासांनंतर घ्यायच्या असतात. आम्लपित्ताचे पांढरे पातळ औषध रोसुव्हास्टॅटिनबरोबर लगेच घेतले, तर रोसुव्हास्टॅटिन कमी शोषले जाते. दोन्हींत दोन तासांचे अंतर असावे. नवीन बेम्पेडोइक आम्ल सिम्व्हास्टॅटिनची पातळी वाढवते, शिवाय युरिक आम्लही वाढवू शकते. सांधे सुजण्याचा पूर्वीचा त्रास असेल, तर तो आधी सांगावा. फायब्रेट गटामुळे रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनसारख्या गोळ्यांचा जोर वाढतो.

औषधी वनस्पतींनाही हा नियम लागू आहे. गुग्गुळावर बनारस हिंदू विद्यापीठात १९६० च्या दशकात महत्त्वाचे संशोधन झाले आणि पुढे त्यापासून आपल्या देशात कोलेस्टेरॉलचे औषधही निघाले. परंतु २००३ साली अमेरिकेत झालेल्या चाचणीत गुग्गुळाने एलडीएल उतरलेले दिसले नाही, उलट थोडे वाढले. मुंबईतील संशोधकांनी १९९४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुग्गुळामुळे डिल्टियाझेम आणि प्रोप्रॅनोलॉल ही औषधे रक्तात कमी पोहोचत असल्याचे आढळले. तेव्हा ‘हे तर झाडपाल्याचे, याने काय होणार’ असे म्हणून ते डॉक्टरांपासून लपवू नये.

७. आपल्या कर्नाटकातील दोन उदाहरणे

हा विषय परदेशातल्या प्रयोगशाळांपुरता आहे, असे कोणी समजू नये. आपल्याच राज्यात या प्रश्नावर मोठे काम झाले आहे.

बेंगळुरूच्या सेंट जॉन्स संशोधन संस्थेच्या पुढाकाराने देशातील ५० केंद्रांवर एक चाचणी झाली, तिचा अहवाल २००९ साली प्रसिद्ध झाला. रक्तदाबाची तीन औषधे, सिम्व्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम आणि ॲस्पिरिन अशी पाच औषधे एकाच कॅप्सूलमध्ये भरली, तर ती एकमेकांच्या कामात अडथळा आणतात का, हा प्रश्न होता. ४५ ते ८० वयाच्या २,०५३ लोकांनी त्यात भाग घेतला. रक्तदाब अपेक्षेप्रमाणे उतरला. एलडीएल मात्र एकट्या सिम्व्हास्टॅटिनने सुमारे ३२ अंकांनी उतरले होते, ते पाचांच्या कॅप्सूलने सुमारे २७ अंकांनी उतरले. फरक थोडा होता, पण मोजल्यावाचून तो कळला नसता. औषधे एकत्र केली तर हिशोब नव्याने मांडावा लागतो, हे या चाचणीने दाखवले.

दुसरे उदाहरण तर बेळगावचे आहे. आपल्या देशात दोन-तीन औषधे एका गोळीत घालून विकण्याची पद्धत फार वाढली होती. पुष्कळ मिश्रणांना केंद्राची मान्यता नसताना राज्यांकडून परवाने मिळाले होते. त्यांची तपासणी करण्यासाठी केंद्र सरकारने २०१४ साली समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बेळगावच्या केएलई विद्यापीठाचे तेव्हाचे कुलगुरू प्राध्यापक चंद्रकांत कोकाटे. समितीपुढे सहा हजारांहून अधिक मिश्रणे आली. प्रत्येकाला विचारायचा मूळ प्रश्न एकच होता : ही औषधे एकत्र करण्याला वैद्यकीय कारण आहे काय?

समितीच्या शिफारशीवरून १० मार्च २०१६ रोजी सरकारने ३४४ मिश्रणांवर बंदी घातली. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली फेरतपासणी करायला सांगितले. तिच्यानंतर सप्टेंबर २०१८ मध्ये ३२८ मिश्रणांवर बंदी आली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी १५६ मिश्रणे बंद झाली. एका गोळीत दोन औषधे असणे वाईट नाही. गोळ्यांची संख्या कमी झाली तर म्हाताऱ्या माणसाला ती विसरायला होत नाहीत. पण एकत्र येण्याला कारण हवे, हा त्या समितीचा धडा प्रत्येक घराने घ्यावा.

८. सीमाभागाची आपली अडचण

आपण राज्याच्या सीमेवर राहतो. सर्दी-तापाला गावातला दवाखाना, शुगरसाठी निपाणी, हृदयाचा तपास कोल्हापूर किंवा बेळगावला, आणि मुलगा नोकरीला पुण्यात असेल तर एखादी तपासणी तिकडे. प्रत्येक डॉक्टर आपापल्या परीने योग्यच औषध लिहितो. पण एकाची चिठ्ठी दुसऱ्यासमोर जातेच असे नाही. दोन राज्यांतल्या दोन मेडिकलमध्ये एकाच औषधाची दोन निराळी ब्रँड नावे मिळतात.

समजा, एका आजोबांना निपाणीत ॲटोर्व्हास्टॅटिनची गोळी चालू आहे. पुढे कोल्हापुरात त्यांना हृदयासाठी एक कॅप्सूल मिळाली. तिच्यात ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि ॲटोर्व्हास्टॅटिन अशी तिन्ही औषधे आहेत. पाकिटांचे रंग वेगळे, नावे वेगळी. आजोबा दोन्ही घेतात. एकच औषध दुप्पट जाते आणि ते कोणाच्याच लक्षात येत नाही. त्यातच त्यांचा घसा बसला आणि गावात क्लॅरिथ्रोमायसिन मिळाले, तर वर सांगितलेली रांगही अडली. कोणीही चूक केलेली नाही, तरी धोका तयार झाला.

आणखी एक गोष्ट. रोसुव्हास्टॅटिन आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात सुमारे दुप्पट पातळीला जाते असे आढळल्याने, अशा रुग्णांना ५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करावी, असे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ साली सांगितले. म्हणून शेजाऱ्याची जास्त पॉवरची गोळी ‘चांगली असेल’ असे म्हणून मागून घेणे धोक्याचे आहे.

९. घरी काय करावे?

अ) घरातील प्रत्येक मोठ्या माणसाच्या औषधांची एक यादी करावी. त्यात चार रकाने असावेत : पाकिटावरचे मूळ औषधाचे नाव, मिलिग्रॅम, घेण्याची वेळ, कोणत्या डॉक्टरांनी दिले. ब्रँडचे नाव बाजूला लिहिले तरी चालेल, पण मूळ नाव लिहिलेच पाहिजे. काढा, चूर्ण, भुकटी, दुखण्याची गोळी हेही लिहावे.

आ) यादीत एकच मूळ नाव दोनदा आले, तर ती यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे. ‘-स्टॅटिन’ने संपणारी दोन नावे दिसली, तरीही जावे. मात्र निस्टॅटिनसारखी काही नावे या गटातली नसतात, म्हणून निर्णय स्वतः घेऊ नये.

इ) कोणताही नवा डॉक्टर, कोणतेही नवे औषध, अगदी पाच दिवसांचे असले तरी, आधी यादी दाखवावी. काही वेळा डॉक्टर त्या पाच दिवसांपुरते स्टॅटिन थांबवायला सांगतात आणि नंतर पुन्हा सुरू करतात.

ई) कारण नसताना मांड्या, खांदे, पोटऱ्या दुखू लागल्या, उठता-बसता ताकद कमी वाटली, लघवी काळपट झाली किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. शेतातल्या कामाने अंग दुखणे वेगळे. पण नवीन गोळी सुरू झाल्यावरचे दुखणे सांगायला संकोच करू नये.

उ) हा पाठ वाचून कोणीही आपली गोळी बंद करू नये. गंभीर दुष्परिणाम फार थोड्यांना होतात. ज्यांना गरज आहे त्यांना स्टॅटिन झटक्यापासून वाचवते. अचानक औषध सोडणे हाही धोकाच आहे.

ऊ) औषधाबरोबर पथ्य चालूच ठेवावे. आपला भाग तंबाखूचा आहे. तंबाखू पिकवून अनेक घरे चालली, हे आम्ही जाणतो. परंतु ओढलेली विडी रक्तवाहिन्यांची हानी करतच राहते, ती कोणतीही गोळी पूर्ण भरून काढू शकत नाही.

१०. स्वाध्याय

१) स्टॅटिन आणि एझेटिमाइब ही जोडी उपयोगी का ठरते? विहीर व नळाच्या उदाहरणाने स्पष्ट करा.
२) जेमफायब्रोझिलमुळे सेरिव्हास्टॅटिन घातक कसे ठरले?
३) रिपोर्टमधला आकडा सुधारला तरी रुग्णाचा फायदा झाला असे का म्हणता येत नाही? एक चाचणी सांगा.
४) एकट्या औषधाने ३२ अंक आणि मिश्रणाने २७ अंक एलडीएल उतरले, तर घट किती टक्क्यांनी कमी झाली? (उत्तर : सुमारे १६ टक्के.)
५) उपक्रम : आजी-आजोबांना विचारून त्यांच्या औषधांची यादी वर दिलेल्या चार रकान्यांत तयार करा. ती शाळेत आणू नका. कोणाचा आजार ही त्याच्या घरची गोष्ट आहे. यादी घरातील मोठ्यांकडे द्या, आणि दिली एवढेच वर्गशिक्षकांना सांगा.

विश्वस्त महोदयांना आमची विनंती आहे, की अशा यादीचा कोरा तक्ता मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत छापून प्रत्येक घरी एक द्यावा. खर्च एका कागदाचा आहे. मूळ औषधाचे नाव मात्र पाकिटावर असते तसे इंग्रजी अक्षरांतच उतरवावे, म्हणजे कोल्हापूरच्या आणि बेळगावच्या डॉक्टरांना ते सारखेच वाचता येईल.

औषधे दोन असोत की आठ, त्यांचा एकत्र हिशोब कोणीतरी मांडायला हवा. तो मांडणे डॉक्टरांचे काम आहे. त्यांच्यासमोर सगळी नावे ठेवणे आपले काम आहे, आणि ते आपल्या मुलांना नक्की जमेल.